साच्यांचे वाण

पाटोद्याच्या अलीकडे, डोंगराची चढण संपून माळ सुरू होतो तेथे, रस्त्याच्या डाव्या हाताला पत्र्याची एक लांबट इमारत आहे. तिच्या दर्शनी भिंतीवर निळ्या अक्षरांत 'घाटमाथा मिठाई' असे लिहिलेले आहे. पण पंचक्रोशीत ते नाव कोणी उच्चारीत नाही. एसटीचा वाहकदेखील तेथे घंटी मारताना 'गाठीघर, गाठीघर' असेच पुकारतो. माघ सरला की उकळत्या पाकाचा वास वाऱ्यावरून निघून उतारूंच्या आधी गाडीत येऊन बसतो, आणि आष्टीकडे निघालेला पेंगुळलेला माणूससुद्धा डोळे उघडून खिडकीबाहेर पाहतो.

उसाच्या रसाला आपल्या पूर्वजांनी जितकी नावे दिली तितकी क्वचितच दुसऱ्या कोणा पदार्थाला दिली असतील. रस आटू लागला की फाणित, मग गुड, मग मत्स्यण्डिका, मग खण्ड, आणि सर्वांत शेवटी शर्करा. जसजसा मळ निघून जाईल तसतसे तिचे शुभ्रत्व आणि शैत्य वाढत जाते, असे जुने वैद्य सांगत. या सोपानावर शर्करेच्या पुढे आणखी एक पायरी असायला हवी होती, असे गाठीघराच्या ओसरीवर बसले असता वाटल्यावाचून राहत नाही. ती पायरी म्हणजे दोऱ्यात ओवून लेकराच्या गळ्यात पडलेली साखर. तिला आपण गाठी म्हणतो, पाडव्याच्या गुढीवर चढवतो, आणि मराठवाड्यात त्याही आधी, होळीला, मुलांच्या गळ्यात घालतो. त्या पायरीचे शास्त्र ज्या स्त्रीने या माळावर रचले, तिला अक्षरांची ओळख वयाच्या पन्नाशीनंतर झाली.

छबुबाईंचे वय आज सदुसष्ट असावे. त्या स्वतः मात्र 'सत्तरच धरा, सोपं पडतं' असे सांगतात. अंगलट ठेंगणी, कपाळावर आडवे कुंकू, आणि चष्म्याच्या दोन्ही काड्या गाठीच्या पांढऱ्या दोऱ्याने मानेमागे बांधलेल्या. कंपनीच्या मालकीणबाई कोण, असे विचारीत कोणी नवा माणूस आला तर त्या पाकाच्या कढईपाशी बसूनच उत्तर देतात, की मालकीणबाई आता येतील, तोवर बत्तासा खा. पाहुण्याचा बत्तासा संपतो, दुसरा संपतो, आणि मग कोणीतरी हसल्यावर त्याच्या ध्यानात येते.

त्यांचे माहेर आष्टीकडचे. आश्रुबांशी लग्न होऊन त्या पिंपळदऱ्याला आल्या, आणि पहिल्याच दसऱ्यानंतर नवऱ्याबरोबर ऊसतोडीला गेल्या. त्या जगात माणसे डोक्यांनी मोजत नाहीत. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. असा एक कोयता होऊन छबुबाई दूरच्या कारखान्यांच्या फडांवर राहिल्या; पाचटाच्या कोपीत संसार मांडला, पहाटे मोळ्या बांधल्या, आणि जगाच्या तोंडी साखर जावी म्हणून आठ हंगाम ऊस तोडला. मुलगी वनमाला झाल्यावर ती दोन वर्षे पाठीशी होती. पुढे तिला धाकट्या जावेपाशी गावी ठेवू लागल्या.

वनमाला साडेचार वर्षांची असताना घडलेली गोष्ट छबुबाई फारशी सांगत नाहीत, आश्रुबा सांगतात. त्या वर्षी त्यांची गाडी ऐन होळीच्या दिवशी, दुपार कलताना गावात शिरली. गावची पोरे वेशीपाशी वाट पाहत उभी होती. ज्यांचे आईबाप आधी परतले होते, त्यांच्या गळ्यांत गाठींचे हार होते. वनमालाच्या गळ्यात काही नव्हते. छबुबाईंनी लेकीसाठी कारखान्यावरून दोन शेर साखर धडप्यात बांधून आणली होती. पोरीने धडपे सोडले, साखरेत बोट बुडवून चाटले, मग आईच्या मागे वाकून पाहिले आणि विचारले, "आये, माळ कुठंय?"

पोर लगेच साखर खाण्यात रमली आणि दुसऱ्या दिवशी ते सारे विसरूनही गेली. आईच्या मनातून मात्र तो प्रश्न गेला नाही.

पुढच्या हंगामात त्यांचा फड एका कारखान्याच्या गावालगत होता. तेथे एक हलवायाचे घर फाल्गुनात गाठी ओतीत असे. दिवसाची तोड संपली की छबुबाई त्या घरच्या कढया घासायला जात, आणि हात राखेत असताना डोळ्यांनी शिकत. त्यांनी तीन गोष्टी उचलल्या. पहिली, उकळत्या पाकात दुधाचा शिंतोडा मारला की साखरेतला मळ फेसाबरोबर वर येतो आणि तो काढून टाकता येतो. दुसरी, पाक कढईच्या काठाशी घोटत राहावा लागतो. घोटता घोटता तो दुधासारखा पांढरा होतो, आणि तो क्षण ओळखणे हीच सारी विद्या. तिसरी गोष्ट साच्याची. गाठीचा साचा लाकडाचा, दोन फळ्यांचा, मधल्या खाचेत दोरा टाकून पाचरीने आवळायचा. ओतण्याच्या आदल्या रात्री तो पाण्यात बुडवून ठेवावा लागतो. पाणी प्यालेले लाकूड साखर सोडते. कोरडे लाकूड तिला धरून बसते. छबुबाईंनी त्याचे आपले सूत्र केले: तहानलेला साचा दान देत नाही.

गावी परतताच त्या पाटोद्याला रहीमभाईंकडे गेल्या. रहीमभाई तेव्हा तिशी-पस्तिशीचे सुतार. पाळण्यांचे मोर-पोपट, पोळपाट, बैलगाडीच्या चाकांचे आरे अशी कामे करीत. साचा कसा असतो हे छबुबाईंनी त्यांना भुशावर बोटाने काढून दाखवले. हाराच्या मधल्या पदकावर कोणते फूल काढू, असे त्यांनी विचारले, पण छबुबाईंना सुचेना. तेव्हा बाईंच्या हातातल्या पिशवीतून डोकावणारे उसाचे टिपरे पाहून ते म्हणाले, "फुलं तं सगळेच काढतेत. तुमी उसावर जगता, उसाचंच कांडं काढतो."

पदकावर उसाचे एक पेर आणि त्याला फुटलेली दोन पाती. आज बीड जिल्ह्यातले कोणतेही मूल ते पदक जिभेने ओळखते.

त्या वर्षी आश्रुबा एकटे टोळीबरोबर मागे राहिले आणि छबुबाई महिनाभर आधी घरी आल्या. त्यांनी एका साच्यावर साठ हार ओतले, आणि गाड्या परतू लागल्या तेव्हा टोपली घेऊन त्या माळावरच्या रस्त्याला जाऊन बसल्या. सगळ्या गाड्या तेथूनच जातात. गाडी थांबली की उतरलेल्या बाईला त्या घरी मुले किती एवढेच विचारीत आणि तितके हार तिच्या पदरात घालीत. हाराचे मोल त्यांनी त्या दिवशीही घेतले नाही, नंतरही कधी घेतले नाही. एक नेम मात्र तेव्हापासून आजवर मोडलेला नाही. गाडीत मूल बसलेले असले तरी छबुबाई त्याच्या गळ्यात हार घालीत नाहीत. तो आईच्या हाती देतात. याचे कारण एकदा कोणी विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "लेकराला वाटलं पायजे, आईनंच आणलाय."

होता होता होळीचा हार हा परतीचा हार झाला. पंचांगात होळी केव्हाही असो, ज्या दिवशी गाडी येईल तो त्या घरचा सण.

माणसाचा एखादा नेम पक्का असला की त्याच्याभोवती उद्योग आपोआप वाढत जातो. हारांसाठी भट्टी पेटलीच होती, म्हणून बत्तासे आले. जत्रांसाठी रेवडी आणि गुडीशेव आली. डोंगरातली सीताफळे पिकून वाया जात, म्हणून त्यांची वडी आली. तोडीला जाणे सुटले. एका साच्याचे बेचाळीस साचे झाले, सारे रहीमभाईंच्या हातचे, आणि दर साच्यावर बसणारी एकेक बाई आली. होळीच्या आधी रहीमभाई येत, प्रत्येक साचा कानाशी धरून ठोकून पाहत, जेथे फुगला असेल तेथे तासून देत, आणि मगच तो पाण्यात पडे. वनमाला मोठी झाली. भट्टीपासून दुकानांपर्यंतचा सारा व्यवहार तिने हाती घेतला. तिची मुलगी राजनंदिनी खाद्यपदार्थांचे तंत्रज्ञान शिकून आली, आणि येताना डोक्यात अनेक सुधारणा घेऊन आली. त्यांतली एक गेल्या वर्षी अमलात आली.

बीडच्या आणि अंबाजोगाईच्या दुकानांतून पाडव्याच्या गाठींची मागणी लाकडी साच्यांना झेपेनाशी झाली होती. लाकूड झिजते, चिरते, काळे पडते. राजनंदिनीने ॲल्युमिनियमच्या साच्यांची कल्पना मांडली, आणि रहीमभाईंचा नातू मतीन, ज्याचे पाटोद्यात लेथचे दुकान आहे, त्याने ते करून देण्याचे कबूल केले. आजी नाही म्हणेल या धास्तीने राजनंदिनीने तीन दिवस मुद्दे जुळवले होते. छबुबाईंनी पहिल्याच मुद्द्याला मान डोलावली. लाकूड म्हातारे झाले आहे, आपणही झालो आहोत, तर कोणीतरी तरुण यायला हवेच, असे त्यांचे म्हणणे पडले.

त्यानंतर संक्रांत आली. गाठीघरातले हळदीकुंकू तालुक्यात नावाजलेले आहे, आणि त्या वर्षी काय वाण लुटायचे याचा छबुबाईंनी कोणाला सुगावा लागू दिला नव्हता. बायका जमल्या. छबुबाईंनी आतून खणांत गुंडाळलेली बेचाळीस गाठोडी आणवली, आणि ज्या बाईचा जो साचा, तो तिळगुळासह तिच्या ओटीत घातला. ज्या बाया आता थकल्या होत्या, ज्यांच्या जागी सुना येत होत्या, त्यांनाही आठवणीने बोलावले होते. रहीमभाईंनी कोरलेला सर्वांत पहिला साचा त्यांनी खतीजाबींना, रहीमभाईंच्या पत्नीला दिला. खतीजाबी दर संक्रांतीला तिळगुळासाठी येत. त्या दिवशी त्यांनी साचा ओढणीत घेतला.

संक्रांतीचे वाण हे विलक्षण दान आहे. त्याला देणे म्हणत नाहीत, लुटणे म्हणतात. देणाऱ्याने ते दिल्यावर त्याच्याकडे मागे वळून पाहू नये. दिलेले वाण परत मागणे म्हणजे दिलेला आशीर्वाद परत मागण्यासारखे आहे, अशी आपल्याकडची रीत.

फाल्गुनाच्या आरंभी मतीनने साचे आणून दिले. आरशासारखे लखलखीत, पदकावर तेच कांडे, तीच दोन पाती. राजनंदिनी त्याच दिवशी दुकानदारांना भेटायला दोन दिवसांसाठी अंबाजोगाईला गेली. जाताना तिने भट्टीची, दोऱ्याची, दुधाची सारी व्यवस्था सांगितली. साच्यांविषयी काही सांगण्यासारखे आहे असे तिला वाटलेच नाही. आणि चाळीस वर्षांच्या हातांनी चाळीस वर्षांचे काम केले: संध्याकाळी गाठीघरातल्या बायांनी ते सगळे ॲल्युमिनियमचे साचे नेमाने हौदात बुडवले. छबुबाईंनी स्वतः येऊन पाहिले, आणि दोन साचे पुरते बुडालेले नव्हते, त्यांच्यावर तांब्याने पाणी घातले.

सकाळी पाक ओतला तेव्हा अनर्थ झाला. धातूने पाणी प्यायले नव्हते. ते खाचाखाचांतून तसेच बसून होते. पाक त्यात पडताच चरचरला. साचे उघडले तेव्हा अर्ध्यांत साखरेचा चिखल होता, अर्ध्यांत देवीचे व्रण उमटल्यासारख्या गाठी, आणि दोरा धरून ओढला की नुसता दोराच हाती येई. आश्रुबांनी एक साचा उलटा करून निथळला आणि मान हलवली. "याला बुडवलं काय आन् न्हाई बुडवलं काय, चेहरा सारखाच," असे ते म्हणाले.

राजनंदिनी परतली, तिने हौद पाहिला, आणि ती हसता हसता पायरीवर बसली.

"आज्जे, ॲल्युमिनियमला कावून पाणी पाजलं?"

"पाव्हणा आलाय," छबुबाई म्हणाल्या, "त्याला पाणी न्हाई इचारायचं?"

तेव्हा हसण्याइतका अवकाश होता. गाड्या परतायला तीन आठवडे होते. राजनंदिनी आणि मतीन प्रयोगाला लागले. कोरड्या साच्यात साखर अशी चिकटली की छिन्नीने काढावी लागली. तुपाचा हात लावला तर गाठ सुटली, पण पिवळी पडली. शेंगदाण्याच्या तेलाने ती चिवड्यासारखी वासू लागली. दर वेळी वितळवलेली साखर परत कढईत जाई, आणि आश्रुबा मतीनला सांगत की हरकत नाही, अजून मोहरीचे तेल उरले आहे.

पाचव्या दिवशी टोळीचे मुकादम गहिनीनाथ यांचा फोन आला. पाऊस कमी झाल्याने ऊस लवकर संपला होता. कारखान्याचा पट्टा पडला होता, म्हणजे हंगामाचे गाळप थांबले होते. टोळ्या आवराआवर करीत होत्या आणि फोनपासून चौथ्या दिवशी दुपारी पहिल्या गाड्या माळावर येणार होत्या.

फोन ठेवल्यावर छबुबाईंनी टोपली पाहिली. तीत एकही हार नव्हता. बाजारात अजून कोणाच्याच गाठी आलेल्या नव्हत्या. चाळीस वर्षांत प्रथमच त्या रस्त्यावरून आया रिकाम्या हातांनी घरी जाणार होत्या.

राजनंदिनीने एक तोड सुचवली: होळीला अजून अवधी आहे, तोवर साचे जमतील, आणि मग गाडीने गावोगावी घरोघर हार पोचवता येतील. छबुबाईंनी तिच्याकडे मायेनेच पाहिले. "घरी पोचवला की तो हार गाठीघराचा होतो, बाळ. आईचा न्हाई."

लाकडी साचे कोठे आहेत हे सर्वांनाच ठाऊक होते. अकरा गावांत, बेचाळीस घरांत. वनमालाने फोन हातात घेतला. छबुबाईंनी तो तिच्या हातातून काढून घेऊन पालथा ठेवला. वाण दिलेले आहे, आता ते मागायचे नाही. वनमालाने बराच युक्तिवाद केला. आईचे नाव न घेता मी माझ्या नावाने मागते, असेही ती म्हणाली. त्यावर छबुबाईंनी उत्तर दिले, की तू माझीच लेक आहेस, तू मागितलेस म्हणजे मीच मागितले. मग त्या कढईपाशी जाऊन बसल्या. कढई थंड होती. त्या दिवशी त्यांनी पाहुण्याला बत्तासा खायला सांगितला नाही, यावरून सर्वांनी काय ते ओळखले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मतीनच्या मोटारसायकलवर मागे बसून रहीमभाई आले. वय पंचाहत्तरीच्या घरात, पण पाठ अजून रंद्यासारखी सरळ. नातवाने ओशाळून सारे घरी सांगितले होते. आल्या आल्या त्यांनी एक चकचकीत साचा उचलून वर-खाली पाहिला.

"काम लई साफ हाय बे," ते मतीनला म्हणाले. "इतकं साफ की साखर बी याला जवळची वाटंना."

मग ते छबुबाईंपाशी बसले. चहा आला. चहा संपेपर्यंत दोघेही हवापाण्याविषयी बोलत राहिले, कारण या वयाच्या माणसांची तशी रीत असते. कप खाली ठेवून रहीमभाईंनी विचारले, "बाई, वाण तुमी दिलं. ते तुमी मागू नका. पण चाळीस वर्सांत माझा हात लागल्याबिगर एकबी साचा होळीला गेलाय का?"

"न्हाई गेला."

"मंग यंदा तपासायचे राहिलेत ना. माझं काम हाय, मी बोलवतो."

छबुबाईंनी कढईच्या काठावरून बोट फिरवले. "आन् तपासून झाल्यावर?"

"ज्याचा त्याला. तुमी साच्याला हात लावू नका, म्हंजे वाण बाटत न्हाई."

या तोडग्यात धर्माची सूक्ष्म गती जितकी होती, तितकेच एका सुताराचे सरळ अंतःकरणही होते. छबुबाईंनी तो मनाशी उलटसुलट करून पाहिला, जसा त्या पाक पाहतात. शेवटी त्या उठल्या आणि म्हणाल्या, "मी पाक घोटीन. साच्याला शिवायची न्हाई."

निरोप अकरा गावांत गेला, आणि त्यात गाठी हा शब्दसुद्धा नव्हता. रहीमभाईंनी साचे तपासायला बोलावले आहे, एवढाच तो निरोप होता.

दुपारपासून बाया येऊ लागल्या. एकीने साचा देव्हाऱ्यात ठेवला होता, त्याला हळदकुंकू लागलेले होते. एकीच्या सुनेने त्यावर कुंकवाच्या डब्या मांडल्या होत्या. एकीकडे तो भाकरीच्या टोपल्याखाली होता, आणि ते सांगताना ती लाजली. खतीजाबी पहिला साचा घेऊन आल्या; तो त्यांच्या घरी आरशाशेजारी उभा केलेला असे. ओसरीवर बसून रहीमभाई एकेक साचा कानाशी धरीत, बोटाने ठोकीत आणि बाजूला ठेवीत.

संगीता या गाठीघरातल्या सर्वांत जुन्या बाई. त्यांचा साचा रहीमभाई पुन्हा पुन्हा ठोकू लागले, तेव्हा त्यांनी विचारले, "रहीमचाचा, काय झालंय त्याला?"

"तहानलाय," रहीमभाई म्हणाले. "दोन महिने पाणी न्हाई प्याला."

संगीताबाईंनी ओसरीवरून आत पाहिले. थंड कढई, भिंतीशी ओळीने उभे असलेले लखलखीत साचे, रिकामी टोपली, आणि कोणाकडेही न पाहता दुधाचे भांडे घासत बसलेल्या छबुबाई. सारा प्रकार त्यांच्या ध्यानात आला. त्यांनी पदर खोचला.

"मंग पाजा की पाणी. आमी काय इथं पाव्हण्या म्हणून आलो का?"

कोणी साचा मागितला नाही आणि कोणी दिला नाही. बायांनी आपापले साचे आपल्या हातांनी हौदात ठेवले.

पुढचे दोन दिवस गाठीघरात जो सोहळा झाला तो पाहणाऱ्याच्या डोळ्यांचे पारणे फेडणारा होता. ज्यांनी निवृत्ती घेतली होती त्या बाया सुनांना बाजूला सारून आपल्या जागी बसल्या, आणि सुना त्यांना दोरा पुरवू लागल्या. आश्रुबा भट्टीपाशी होते. छबुबाई कढईच्या काठाशी पाक घोटीत; तो पांढरा झाला की नुसती मान हलवीत, आणि वनमाला नळीच्या भांड्याने साच्यांतून धार सोडीत जाई. पाचरी निघत, फळ्या दूर होत, आणि ओल्या लाकडातून कांड्याचे पदक अलगद बाहेर येई, जणू त्याला सुटण्याचीच घाई होती. मध्येच एकदा संगीताबाईंच्या मांडीवरून साचा घसरला आणि थेट छबुबाईंच्या पुढ्यात आला. त्यांचे दोन्ही हात पुढे गेले आणि तसेच हवेत थांबले. आश्रुबांनी पळी टाकून तो झेलला, त्यांच्या बोटाला चटका बसला, आणि सगळ्या बाया इतक्या हसल्या की तेवढा एक घाणा घोटायचा राहून कढईतच बसला.

मतीन आणि राजनंदिनी हे कोपऱ्यातून पाहत होते. दुसऱ्या दिवशी राजनंदिनीने लाकडी साचा उघडताना त्याला हात लावून पाहिला. तो ओला तर होताच, पण पाकाने कोमटही झालेला होता. पाकाआधी धातू तापवून पाहावा, असे तिच्या मनात तेथेच आले.

चौथ्या दिवशी दुपारी चढणीवर पहिल्या ट्रॅक्टरचा आवाज आला. पुढे गहिनीनाथ होते. मागे ट्रॉल्यांत पातेली, बाजा, कोंबड्यांच्या डालग्या, जनावरांसाठी बांधलेले उसाचे वाढे, आणि त्या सगळ्यावर बसलेली माणसे. गाड्या सवयीने गाठीघरापाशी थांबल्या. बाया उतरल्या. सहा महिन्यांच्या उन्हाने रापलेले ते चेहरे टोपल्या पाहताच उजळले. छबुबाई नेहमीसारख्या रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या, आणि नेहमीसारखा एकच प्रश्न विचारीत होत्या.

"किती?"

"दोन," एक तरुण बाई म्हणाली, आणि खाली पाहून हसली. "आन् एक अजून यायचंय."

"मंग तीन," असे म्हणून छबुबाईंनी तिच्या पदरात तीन हार घातले. तिने ते पदराने झाकून घेतले, ट्रॉलीवर चढली, आणि गावची वेस येईपर्यंत कोणाला दिसणार नाहीत असे पोटाशी धरून बसली.

सूर्य कलला तेव्हा टोपल्या रिकाम्या झाल्या होत्या आणि कोणीही बाई रिकाम्या हाती गेली नव्हती. बायांनी आपापले साचे धुऊन, पुसून, खणांत बांधले. इतके झाल्यावर ते येथेच ठेवून जा, असे म्हणायला राजनंदिनीचे ओठ हलले. वनमालाने तिला डोळ्यांनी थांबवले. सगळ्यांत शेवटी खतीजाबी निघाल्या. त्यांनी पहिला साचा ओढणीत घेतला, आणि जाता जाता छबुबाईंना म्हणाल्या, की आरशाशेजारची जागा आज दिवसभर सुनी वाटली असेल.

त्यानंतर आठ दिवसांतच राजनंदिनीला कळ सापडली. साचा आधी कोमट करायचा आणि त्यावर खोबरेल तेलाचा नुसता श्वास फिरवायचा, की धातूही साखर सोडतो. गेल्या पाडव्याला अंबाजोगाईच्या दुकानांतून ज्या शुभ्र गाठी लागल्या त्या मतीनच्या साच्यांतल्या. परतीचा हार मात्र त्यांत ओतला जात नाही.

या वर्षी फाल्गुन लागला तेव्हा गाठीघरातून कोणाला निरोप गेला नाही. तरी ठरल्या दिवशी सकाळी बेचाळीस बाया बेचाळीस खण सोडीत ओसरीवर बसल्या होत्या, आणि रहीमभाई एकेक साचा कानाशी धरीत होते. छबुबाईंनी एकाही साच्याला बोट लावले नाही. संध्याकाळी साचे हौदात पडल्यावर त्या तांब्या घेऊन भिंतीशी गेल्या, आणि ओळीने उभ्या असलेल्या ॲल्युमिनियमच्या साच्यांवर त्यांनी थोडे थोडे पाणी शिंपडले. राजनंदिनी मागून फडके घेऊन गेली आणि ते पुसत राहिली.